आडीत विकलेलं घर

अंबुजाबाईंच्या घरात भाडेकरू म्हणून शिरलो तेव्हा त्यांनी मला तीन अटी घातल्या. पाण्याची मोटर सकाळी सहालाच लावायची, जिन्यात चपला सोडायच्या नाहीत आणि मराठी माणूस म्हणून भाड्यात सवलत मागायची नाही. पहिल्या दोन अटी मी वर्षभरात कितीदा तरी मोडल्या. तिसरी मोडायची छाती मला कधीच झाली नाही.

मी सांगलीचा. तमिळ मुलखात इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली आणि कंपनीची बस शहरातल्या वेलचेरी भागाच्या ज्या कोपऱ्यावरून सुटायची तिथून चार पावलांवर बाईंचं घर होतं. खाली त्या, वर मी. त्यांचं आडनाव ऐकून मी मराठीत बोललो तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मला हसू आलं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेल्या लोकांची मराठी ती. शब्द पोथीतले आणि हेल तमिळ. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हसतोस कसाला? आमची होती तशी आहे. तुमचीच मागाहून बिघडली."

असं तोंड असलेल्या बाईचं लग्न का झालं नाही, असा प्रश्न माझ्या आईने फोनवर विचारला होता. लग्न झालं नाही असं नाही, बाईंनी ते केलं नाही. बत्तीस वर्षं त्या नुंगंबाक्कमच्या बाजूला टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि लाइन चालू आहे ना हे बघायला अधूनमधून कान लावायचा. नवराबायको तीन मिनिटांचे पैसे भरून सहा मिनिटं कशी भांडतात हे ऐकून आपली हौस फिटली, असं त्या सांगत. त्या पगारातून त्र्याऐंशी साली त्यांनी वेलचेरीत अर्धा ग्राउंड, म्हणजे बाराशे चौरस फूट जागा घेतली. तेव्हा तिथे बेडूक राहायचे. थोरला भाऊ म्हणाला होता, दलदलीत पैसे घालतेस, वेड लागलंय. बाईंनी अठ्ठ्याऐंशीत खालचा मजला बांधला, शहाण्णवात वरचा. दोन्ही वेळा रजा काढून छत्री घेऊन गवंड्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. घर एकट्या त्यांच्या नावावर होतं आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात पाणी आलं. सगळ्या वेलचेरीत आलं, बाईंच्या घरात चार फूट आलं. त्यांचे गुडघे आधीच गेलेले होते. मी त्यांना पाठुंगळी घेऊन जिना चढलो. चढताना त्या माझ्या कानात सांगत होत्या की ओल्या बुटांनी फरशी खराब होते आहे. पाच दिवस त्या माझ्या खोलीत राहिल्या, माझ्याच स्टोव्हवर मला रोज सांबार भात करून घातला, आणि सहाव्या दिवशी पाणी उतरल्यावर खाली जाऊन मला म्हणाल्या, "घर विकतें मी." मी म्हटलं, घाबरू नका, दरवर्षी थोडंच येतं. तर म्हणाल्या, "पाण्याला कोण भीतो? तुझ्या पाठीवर बसून वर गेलें, तें नक्को. पुढच्या वेळीं मज पायांनीं जाईन, नाहीं तर लिफ्टीनें."

लिफ्टही त्यांनी शोधून ठेवली होती. कमलिनी म्हणून त्यांची खात्यातली जुनी मैत्रीण होती. नुंगंबाक्कमला दुसऱ्या मजल्यावर तिचा एका बेडरूमचा फ्लॅट, इमारतीला लिफ्ट. ती मुलीकडे अमेरिकेला कायमची निघाली होती. फ्लॅटचे चोवीस लाख हवेत आणि पुढच्या वर्षीच्या एकतीस ऑगस्टपर्यंत थांबेन, असं तिने सांगितलं. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मैत्री मैत्रीच्या जागी.

म्हणजे हिशेब एवढाच. घराचे पंचवीस-सव्वीस आले तर बाईंना स्वतःची किल्ली. कमी आले तर पल्लावरमला भाच्याच्या घरी. भाचा श्रीहरी, त्याच वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा. माणूस वाईट नव्हता, पण तो आत्याचा विचार करायला बसला की त्याला आत्याच्या आधी तिचा पैसा दिसायचा. तो म्हणत होता, अत्ते आली की तिच्याच पैशात गच्चीवर एक खोली काढू, तिच्यासाठी. त्या खोलीत मुलाचं कॉम्प्युटर टेबल कुठे बसेल हेही त्याने मला हाताने मापून दाखवलं होतं.

जूनच्या अखेरीला मुत्तुवेल उगवला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी गाडी. पूर आल्यापासून हा गृहस्थ आमच्या रस्त्यावर रोखीने घरं घेत सुटला होता. घाबरलेले लोक शोधायचे आणि आठ दिवसांत नोटा मोजून द्यायच्या. बाईंच्या हॉलमध्ये येऊन तो आधी भिंतीकडे बघत राहिला. पाणी उतरल्यावर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ राहिली होती. ती बघून तो असा चुकचुकला की जणू घरात कुणी गेलं आहे. मग आकडा सांगितला: एकोणीस लाख, सगळे रोख. कागदावर नऊ लिहायचे, म्हणजे स्टॅम्पचा खर्च वाचतो. दलाल नको, बँक नको, दहा लोकांना घर दाखवायची कटकट नको.

आणि घाई कशाची, तर आडीची. सतरा जुलैला तमिळ लोकांचा आडी महिना लागणार होता. त्या महिन्यात इकडे लग्न नाही, मुंज नाही, घर घेणं तर नाहीच नाही. दुकानदार साड्या निम्म्या किमतीत काढतात ते यासाठीच, नाहीतर दुकानात माशा. मुत्तुवेलने बोटांवर मोजून दाखवलं. आडी संपेपर्यंत ऑगस्टचा मध्य, मग उरले पंधरा दिवस, पंधरा दिवसांत कोण घर घेतो? ऑक्टोबरात परत पाऊस. मग ही रेघ आणखी एक फूट वर. सोळा तारखेच्या आत सही करा अम्मा, नाहीतर माझाही नाइलाज आहे.

आता माझं पाप सांगतो. जिन्यात त्याने मला गाठलं आणि सांगितलं की वरचा मजला तुमच्याकडेच राहील, याच भाड्यात, दोन वर्षं. वेलचेरीत तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी भाडी आकाशाला नेली होती आणि कंपनीची बस कोपऱ्यावर. मी खाली गेलो आणि बाईंना प्रामाणिक चेहऱ्याने म्हटलं की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. बाई भेंडी चिरत होत्या. म्हणाल्या, "एकोणीस मज हातांत कोठे आहेत? त्याच्या हातांत आहेत." आणि मला भेंडीची देठं टाकायला पाठवलं.

श्रीहरीला मात्र धीर निघेना. पंधरा जुलैला, शनिवारी, तो मुत्तुवेलला घेऊन आला. बरोबर पितळेचं तबक: पान, सुपारी, नारळ, केळी, शेवंतीची फुलं आणि फुलांवर पाकीट. इकडे घराचा व्यवहार असा तबकावर ठरतो. ज्याने तबक घेतलं त्याने शब्द दिला, मग कागद नंतर झाला तरी चालतो. बाई आत कॉफी करत होत्या. श्रीहरीने दोन्ही हातांनी तबक घेतलं, डोळ्याला लावलं आणि टीपॉयवर ठेवलं. मी दारात उभा होतो. थांब म्हणावं असं मला वाटलं का? खरं सांगायचं तर सुटलो असंच वाटलं.

बाई कॉफीचे पेले घेऊन बाहेर आल्या. तबक बघितलं. पेले आधी नीट खाली ठेवले, एक थेंब सांडला नाही. मग भाच्याला विचारलं, "काय घेतलास?"

"अ‍ॅडव्हान्स, अत्ते."

"कशाचा?"

"घराचा."

"बेश. तुझें घर विकलास तूं. कोठे आहे तें, मजहि दाखव."

बाईंनी तबक उचलून मुत्तुवेलच्या हातात परत दिलं, नारळासकट, आणि त्याला तमिळमध्ये सांगितलं की कॉफी पिऊन जा, कॉफीला शब्द लागत नाही. तो कॉफी न पिता गेला. जाताना म्हणाला की परवा आडी लागली की या दारात कुत्रंही येणार नाही, मग मला फोन कराल तेव्हा आकडा एकोणीस नसेल.

मग आत्या-भाच्याची जुंपली. श्रीहरीचं म्हणणं, आपण तीनशे वर्षं या देशात राहतो, आडी आता आपलीही आहे. घरातलं कुणीही आडीत काही केलेलं नाही, आजोबांनीही नाही. यावर बाईंचा पारा चढला तो मी दीड वर्षात पहिल्यांदा बघितला. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीच्या तमिळ शेजाऱ्यांनी सुचवलेली तारीख याच लोकांनी नाकारली होती, आपलं पंचांग वेगळं म्हणून. मुंजीला आपलं पंचांग, श्राद्धाला आपलं पंचांग, आणि आत्याचं घर स्वस्तात काढायचं तर मात्र तमिळ महिना? "आमचा आषाढ पंचवीस तारखेला संपतो. अवसेस दिवे लावीन. सव्वीस तारखेस श्रावण. श्रावणाहून बेश महिना कोणता? आषाढ मी पाळीन. आडी मज नव्हे." असं म्हणून त्यांनी त्याच्या समोरची कॉफीही उचलून नेली.

मला वाटलं, बोलण्यापुरतं ठीक आहे. घर घेणाऱ्याने तुमचं पंचांग वाचलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागोजीला बोलावलं. नागोजी तंजावरच्या मराठा घरातला, पन्नाशीचा, टीव्हीएस-फिफ्टीवर फिरणारा घरांचा दलाल. त्याचं ऑफिस म्हणजे चहाच्या टपरीचा बाक आणि शर्टाच्या खिशातली डायरी. दोन टक्के घेतो. त्याने घर बघितलं, कागद बघितले, कागद बिस्किटाच्या डब्यात वर्षवार लावलेले बघून खूश झाला. मग दोन गोष्टी सांगितल्या. एक, भिंतीला रंग काढायचा, ही रेघ गेलीच पाहिजे, पाण्याचं कुणी विचारलं तर दारापर्यंत आलं होतं म्हणायचं. दोन, आडीत तो काम करत नाही, गावच्या देवीची जत्रा असते, सतरा ऑगस्टला येईन.

बाईंनी त्याला बसवलं आणि एकेक मुद्दा घेतला. रेघ राहील. आत आलं होतं ते आत आलं होतं म्हणायचं, आणि जितक्या वेळा खोटं बोलशील तितके शंभर रुपये तुझ्या दोन टक्क्यांतून जातील. देवीच्या जत्रेला दोन दिवस जाऊन ये, देवी महिनाभर तुझी वाट बघत बसलेली नाही. नागोजी कळवळून म्हणाला की बाई, आडीत येणार कोण? तेव्हा बाईंनी जे उत्तर दिलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "बत्तीस वर्षें मी या गांवाचे फोन जोडलें. ज्याला आडी नाहीं असे किती लोक इथे राहतात, मज विचार. सौकारपेटेचे शेठजी आहेत, मुसलमान आहेत, किरिस्तांव आहेत. आडीत तुम्ही सगळे निजतां. ते जागेच असतात."

जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली. इंग्रजी पेपरात, सव्वीस जुलैच्या बुधवारी, बारीक टायपात. मराठीत सांगायचं तर अशी: वेलचेरी, अर्धा ग्राउंड, दुमजली घर, मालकीण एकटी, कागद स्वच्छ. गेल्या वर्षी चार फूट पाणी आत आलं, खूण भिंतीवर आहे. आडीत बघायला यावं. रोखीवाल्यांनी येऊ नये. नागोजीने ती वाचून डायरी मिटली आणि म्हणाला की पंचवीस वर्षांच्या धंद्यात अशी जाहिरात पाहिली नाही. ही जाहिरात आहे की तक्रार?

पहिले दोन दिवस फोन आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सौकारपेटचा एक कापडवाला आला. वीस लाख म्हणाला आणि बाई नाही म्हणाल्यावर लगेच साडेवीस म्हणाला, जणू साडीच घेतो आहे. एक निवृत्त गृहस्थ फक्त ही जाहिरात देणारी बाई कशी आहे ते बघायला आले, कॉफी पिऊन, पुराच्या गप्पा मारून गेले. मुत्तुवेल रोज संध्याकाळी पांढरी गाडी घरासमोरून हळू नेत असे. बाई तेव्हा मुद्दाम व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. मी कारखान्यातून आलो की विचारत, काय रविकांत, कुत्रा तरी आला कां? एकतीस ऑगस्टला महिना उरला होता. त्या विनोद करत होत्या, पण रात्रीचं जेवण अर्धं ताटात राहत होतं ते मला दिसत होतं. मला त्यांचा राग यायचा. एवढा ताठा कशासाठी, असं वाटायचं. आणि त्याच वेळी, त्या हरल्या तर मला बघवणार नाही असंही वाटायचं.

एकतीस जुलैला स्टेला आली. नागरकोविलकडची नर्स, चौदा वर्षं कुवेतच्या इस्पितळात काढून परतलेली. बरोबर नवरा, अबोल, भिंतींवर टिचक्या मारत फिरणारा. ती थेट त्या रेघेपाशी गेली, तिने आपल्या अंगाशी तिची उंची ताडून पाहिली आणि विचारायला लागली. पाणी कुठून आलं? किती तासांत चढलं? उतरायला किती दिवस? शौचालयातून उलटं आलं का? बाईंनी एकेक गोष्ट सांगितली, कागदावर रस्त्याचा उतार काढून दाखवला. नागोजी बाजूला उभा राहून घाम पुसत होता. मग स्टेला वर आली आणि मला विचारलं. मी म्हटलं, भयंकर पाणी येतं हो, बाईंना मी पाठीवरून वर आणलं. खरं होतं, पण मी ते खरेपणासाठी सांगितलं नव्हतं. तिने घर घेतलं असतं तर माझी खोली गेली असती.

खाली येऊन तिने बाईंना सांगितलं की तुमचा भाडेकरू तर फारच घाबरवतो. बाई म्हणाल्या की तो खरं तेच सांगतो आहे. स्टेला हसली. महिनाभरात तिने वेलचेरीत पाच घरं बघितली होती. पाचही घरांचा खालचा मजला ताजा रंगवलेला आणि पाचही मालक म्हणाले होते, पाणी? इथे? छे. तिला अख्खं घर जॅक लावून पाण्याच्या वर उचलून घ्यायचं होतं, आणि किती उचलायचं हे या एकाच घरात तिला नक्की कळलं. अठ्ठावीसवरून घासाघीस सुरू झाली आणि सव्वीसवर थांबली. सगळे डिमांड ड्राफ्टने, कागदावर पूर्ण सव्वीस. पानसुपारी आणि एकशे एक रुपया देऊन शब्द झाला. नोंदणी अकरा ऑगस्टच्या शुक्रवारी करायची ठरली. खालचं बांधकाम होईपर्यंत त्या दोघांना वर राहायचं होतं, तेव्हा मला महिन्याभरात खोली सोडावी लागणार हेही तिथेच ठरलं. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सात तारखेला मुत्तुवेल परत आला, श्रीहरीला घेऊन, आणि एक मोठी कापडी पिशवी घेऊन. आकडा सांगितला: सत्तावीस. पिशवीत पाच आहेत, उरलेले उद्या सकाळी. कागदावर तेच नऊ. श्रीहरी म्हणाला की अत्ते, लाख जास्त मिळतो आहे, आणि त्या नर्सशी कागद कुठे झालाय? त्याचं ऐकून मी पहिल्यांदा नीट विचार केला. एकोणीसच्या घराला हा माणूस सत्तावीस का देतो? मग डोक्यात उजेड पडला. आमच्या डावीकडची दोन घरं त्याने घेतलेली, उजवीकडचं एक घेतलेलं. मध्ये बाई. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी चार मजली फ्लॅट काढायचे तर बाईंचा तुकडा नसेल तर त्याचे तिन्ही तुकडे कुचकामी. म्हणजे मला कबूल केलेली दोन वर्षंही थापच.

बाईंना हे कधीच कळलं होतं असं वाटतं. त्यांनी फक्त विचारलं, "आडीत आलास?"

महिनाभर ज्या आडीने आम्हा सगळ्यांना घाबरवलं, ती त्याला स्वतःला कधीच नव्हती. मग बाई पिशवीकडे न बघता म्हणाल्या की नऊ लिहायचं हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. बत्तीस वर्षं पगाराच्या चिठ्ठीवर एक पैसा कमी लिहिलेला नाही आणि कमी घेतलेला नाही. बाईमाणूस म्हणून बढती उशिरा दिली तेव्हा भांडून मागची थकबाकी घेतली. घराच्या कागदावर खोटा आकडा लिहून हे घर अर्ध्याहून कमी किमतीचं होतं असं त्या सरकारदरबारी सांगणार नव्हत्या. "सव्वीसाचें घर मी बांधलें. सव्वीसच लिहवीन. आणि कागद नाहीं म्हणतोस? पान दिलें आहे मी."

श्रीहरी म्हणाला की पानाला कोर्टात कोण विचारतो. बाई म्हणाल्या, कोर्टाला नाही, मी मला विचारते. पिशवी परत गेली.

अकरा तारखेला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही गेलो तेव्हा तिथे शुकशुकाट. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे आडीमुळे कारकून पेपर वाचत बसलेले. नागोजी म्हणाला की अशी कचेरी आयुष्यात बघितली नाही, आडीत काम करायला हरकत नाही. स्टेला, तिचा नवरा, साक्षीदार म्हणून मी आणि नागोजी, आणि श्रीहरी. तो यासाठी आला की न येणं वाईट दिसलं असतं. ड्राफ्ट बाईंच्या पर्समध्ये होता आणि पर्स दोन्ही हातांत.

अधिकारी तिशीचा, सभ्य मुलगा होता. त्याने कागदावरचा सव्वीस लाखांचा आकडा वाचून एकदा मान वर केली, बहुधा असा खरा आकडा त्याला सवयीचा नसावा. मग नेहमीचे प्रश्न. दस्तावर सही तुमचीच ना? हो. पूर्ण रक्कम मिळाली? हो. घर तुम्ही स्वतःच्या मर्जीने विकता आहात ना, कुणाचा दबाव नाही ना? इथे लोक नुसती मान हलवतात. तोही मान हलायची वाट बघत शिक्का हातात घेऊन बसला होता.

बाईंनी मान हलवली नाही. त्या तमिळमध्ये बोलल्या, मी मराठीत सांगतो.

"दबाव भरपूर होता. हा माझा भाचा, याचा होता. हा दलाल, रेघ पुसा म्हणत होता. एक रोखीवाला होता, तो आज आला नाही. आणि हा माझा भाडेकरू, साक्षीला उभा आहे, याचाही होता. मर्जी मात्र माझी आहे. दोन्ही लिहून घ्या."

कारकुनांनी पेपर खाली ठेवले. अधिकारी बिचारा म्हणाला की अम्मा, दबाव होता असं लिहायला फॉर्मवर जागा नाही. बाई म्हणाल्या, मग मर्जी तेवढी लिही. त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी त्यांच्याकडे न बघता साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.